बटण क्रमांक अठरा

बेलवलीच्या दाखला वितरण उपकार्यालयात १९९८च्या उन्हाळ्यात एक गंभीर घटना घडली. एका अर्जदाराला रहिवासी दाखला चार मिनिटांत मिळाला. अर्जदार इतका घाबरला, की दाखला खरा आहे ना, हे विचारायला तो दोनदा परत आला.

चौकशीअंती प्रकरणाचं मूळ टंकलेखिका बकुळा गायकर यांच्यापाशी निघालं. कार्यालयाच्या नव्या कॉम्प्युटरवर वर्ड नावाचा प्रोग्रॅम होता. त्याच्या माथ्यावर बटणांची एक पट्टी असते, तिला टूलबार म्हणतात. त्यातलं इंग्रजी स्पेलिंग तपासायचं बटण आणि असलीच आणखी वीस-पंचवीस बटणं बकुळाताईंच्या काही कामाची नव्हती. उल्हासनगर कॅम्प चारमधून कॉम्प्युटर बसवायला आलेला टेकचंद त्यांना म्हणाला, "मॅडम, जे नको ते माउसनं खेचून बाहेर टाका, खतम. जे पाहिजे ते बनवून घ्या."

बकुळाताईंनी नको ते खेचून बाहेर टाकलं आणि स्वतःची पाच बटणं बनवली. एक दाबलं की कार्यालयाचं नाव मधोमध ठळक येई, दुसऱ्यानं समास सुटे, तिसऱ्यानं ‘दाखला देण्यात येतो की’ हे पूर्ण वाक्य उमटे, चौथ्यानं उजवीकडे सहीची जागा तयार होई, आणि पाचव्यानं कागद छापून बाहेर. मध्ये फक्त माणसाचं नाव आणि गाव टाइप करायचं.

हेडक्लार्क धर्मराव भोईर यांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, पूर्वी अर्ज सतरा टेबलांवरून जायचा. आता तो एकाही टेबलावर येत नाही. चार मिनिटांत दाखला मिळाला तर लोकांना वाटेल, इतकी वर्षं आपण करत काय होतो?"

"काय करत होतो?" बकुळाताईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. धर्मरावांनी या प्रश्नावर ‘उद्धट’ असा शेरा मारून तो फाइलला लावला.

आठवड्याभरात परिपत्रक निघालं. कोणत्याही टेबलास वगळून दाखला निर्गमित होणार नाही. सबब प्रत्येक टेबलाचं बटण टूलबारवर बसवण्यात यावं. ज्यानं त्यानं स्वतः येऊन आपलं बटण दाबायचं, म्हणजे दाखल्याच्या समासात त्याचं नाव आणि ‘पाहिले’ हा शब्द उमटेल. बटणावर नाव आणि हुद्दा असेल, क्रम ज्येष्ठतेनुसार राहील. एका पट्टीत चार बटणं सहज मावत होती. पण खात्याची परीक्षा पास झालेले नापास झालेल्यांच्या शेजारी बसायला तयार होईनात, त्यामुळे प्रत्येकाला स्वतंत्र पट्टी मंजूर झाली.

टेकचंदला पुन्हा बोलावणं गेलं. "साईं, इतने बटन तो विमान में भी नहीं होते," तो म्हणाला आणि त्यानं सतराच्या सतरा बसवली. बकुळाताईंची पाच बटणं अडगळ म्हणून काढण्यात आली. चौदा इंची पडद्यावर पट्ट्या वरून खाली येत येत शेवटी मजकुरासाठी दोन ओळी उरल्या. त्यावर धर्मरावांनी नियम काढला की जेवढं पडद्यावर दिसतं तेवढंच छापावं, न दिसणाऱ्या मजकुराची खात्री कार्यालय देऊ शकत नाही. म्हणून पहिल्या ओळीत अर्जदाराचं नाव आणि दुसऱ्या ओळीत गाव, एवढाच दाखला राहिला.

आता खिडकीबाहेर होतीच, तशी एक रांग आत, कॉम्प्युटरपुढेही लागू लागली. सतरा कर्मचारी एकामागे एक उभे राहत. एखादा गैरहजर असला की खिडकीवर पाटी लागे: ‘बटण क्रमांक नऊ रजेवर आहे.’ बटण क्रमांक नऊ म्हणजे मधु म्हात्रे, त्यांच्या मेहुणीचं लग्न होतं.

याच सुमाराला मी तिथे गेलो. खरवईला आमची नवी सोसायटी झाली आहे, तिथल्या पत्त्याचा दाखला मला हवा होता. माझ्यापुढे एक मुलगी उभी होती, जिजा नवसू निरगुडा. बारवी धरणाकडच्या वाडीवरून चालत आली होती. तिच्या वाडीत बारावी झालेली ती पहिलीच, आणि तिला नर्सिंगच्या शिक्षणाला जागा मिळाली होती.

"शुक्करवारी पाच वाजेपरवंत दाखला द्याचा हाय, काका," ती म्हणाली. "नाय दिला तं माजी जागा दुसरीला जाल. चार येळा आले मी. कवा एक बटन नसतं, कवा दुसरं."

ते ऐकून माझं रक्त खवळलं. मी जागरूक नागरिक आहे. वर्तमानपत्रात माझी अकरा पत्रं छापून आली आहेत. मी खिडकीत डोकं घालून बकुळाताईंना जाब विचारला.

त्या हळूच म्हणाल्या, "सगळं पुसून टाकायची सोय आहे साहेब. एक क्लिक, की सगळ्या पट्ट्या जातील. माझी पाच बटणं परत बनवायला मला दहा मिनिटं पुरतात. पण माझ्या मनानं केलं तर मला घरी बसवतील. तुम्ही नागरिक म्हणून लेखी तक्रार द्या. आमचे मोठे साहेब पेपरवाल्यांना घाबरतात."

मी तिथेच उभ्या उभ्या दोन पानी तक्रार लिहिली. रांगेतल्या लोकांना वाचूनही दाखवली. "बरोब्बर बोलले," लोक म्हणाले. जिजानं तर मला वाकून नमस्कार केला. तो बुधवार होता.

दहा मिनिटांत धर्मरावांनी मला आत बोलावलं. चहा आला, बिस्किटं आली. "तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यावर वचक आहे," ते म्हणाले. "पण बाहेरून ओरडून काय होणार? आत या. मोठ्या साहेबांची इच्छा आहे, टूलबारवर जनतेचंही एक बटण असावं. जागरूक नागरिक प्रतिनिधी. तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही दाखला बाहेर पडणार नाही."

"नाव कसं येईल?" मी विचारलं. केवळ माहिती म्हणून.

"पूर्ण. हरिचंद्र सीताराम पाटकर. ठळक. आमच्यापेक्षा दोन नंबर मोठं."

मी विचारासाठी वेळ मागितला आणि चहा संपेपर्यंत विचार केला. लोकशाहीत सहभाग महत्त्वाचा असतो. तक्रार मी घडी करून खिशात ठेवली. गुरुवारी टेकचंद येऊन बटण क्रमांक अठरा बसवून गेला. त्याला एक पट्टी लागली, म्हणून गावाची ओळ गेली.

शुक्रवारी मधु म्हात्रे लग्नाहून परतले. सतराही बटणं हजर होती, असा योग बटणं बसल्यापासून आला नव्हता. साडेबारापर्यंत सतरा जणांनी जिजाचा दाखला पाहिला. मग बकुळाताईंचा मुंबईला माझ्या ऑफिसात फोन आला.

"साहेब, फक्त तुमचं राहिलंय. पोरगी खिडकीशी उभी आहे. तुम्ही फोनवर हो म्हणा, मी दाबते."

मला ते पटलं नाही. माझ्या नावाचं बटण दुसऱ्यानं दाबायचं, तर त्या कार्यालयात आणि माझ्यात फरक काय राहिला? प्रश्न तत्त्वाचा होता. "उद्या पहिला शनिवार आहे, तुमचं ऑफिस चालू आहे आणि मला सुट्टी आहे. सकाळी येतो," मी म्हणालो. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

शनिवारी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून मी गेलो आणि बटण दाबलं. कागद बाहेर आला. समासात सतरा नावं ओळीनं उतरली होती, खाली माझं, सगळ्यांत मोठं. मधोमध एकच ओळ होती: ‘जिजा नवसू निरगुडा ही रहिवासी आहे.’

जिजानं तो सावकाश वाचला. "काका, कुठली रहिवासी त्यो गाव नाय यात."

"कुठली ते तुला माहीत आहे ना?" आतून धर्मराव म्हणाले.

"मना हाय," ती म्हणाली. "पन मुदत काल व्हती." मग तिनं दाखल्याची नीट घडी केली, कनवटीला लावली आणि वाडीच्या रस्त्याला लागली. तिची जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली, असं नंतर कळलं.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी त्यावर वर्तमानपत्राला पत्रही लिहिलं, ते छापून आलं. बकुळाताई मात्र हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.

तुम्हाला माझा राग आला असेल. येणारच, तुम्हीही जागरूक आहात. परवा धर्मराव सांगत होते की पडद्यावर अजून एक ओळ शिल्लक आहे, अर्जदाराच्या नावाची. तिथे कोणी असाच अन्यायाची चीड असलेला, चार लोकांत मान असलेला माणूस मिळाला तर बसवून टाकू. मी तुमचं नाव दिलं आहे. नको असेल तर तसं लेखी कळवा. आतापर्यंत मी सात जणांची नावं दिली. एकानंही नकार कळवलेला नाही. दोघांनी फक्त अक्षरं ठळक असतील ना, एवढं विचारून घेतलं आहे.