शोव्हल झालं का?

पस्तीस डिग्री उकाड्यात, तलावाच्या काठावर बनियनवर उभा राहून जो माणूस फोनमध्ये ओरडतो, "शोव्हल झालं का?", त्याला तुम्ही काय म्हणाल? मी जे म्हणतो ते छापता येणार नाही.

हा पास्कू लोपीस. माझ्याच गावचा, वसईकडचा. कॅनडात, स्कारबरोला आमची भिंतीला भिंत. "सगळ्याची एक सिस्टीम असते, जोसू," हे त्याचं पालुपद. चहाची सिस्टीम, गार्बेजची सिस्टीम, दारापुढच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ शोव्हलनं, म्हणजे फावड्यानं, कुठं उडवायचं त्याचीपण सिस्टीम.

माझी बायको मार्था उन्हाळ्यात गेली. हिवाळा लागला तसं तिच्या कबरीच्या दगडावर बर्फ चढायला लागलं. मी रोज सकाळी बसनं सिमेट्रीत जायचो आणि नाव दिसेपर्यंत ते हातानं काढायचो. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. थंडी तिला कधी सोसली नाही.

आणि या गाढवानं ऐन फेब्रुवारीत माझं श्रीलंकेचं तिकीट काढलं. "दोन आठवडे चल. नाहीतर तूच तिथं गोठून मरशील." पोरगीपण त्याच्याच बाजूची. "डॅड, जस्ट गो!"

गेस्टहाउस बरं होतं, खोटं कशाला बोलू? पुढं जुन्या सिंहली राजानं खणलेला तलाव, मागं त्याच्या राजवाड्याच्या पडक्या भिंती. बुद्धाची एवढी मोठी दगडी मूर्ती, तिच्यावर बर्फाचा कण नाही. मला त्याचाच राग यायचा.

तिथं चपला काढाव्या लागतात. फरशी तव्यासारखी तापलेली. पास्कूनं पिशवीतून काय काढावं? स्नोबुटातले लोकरीचे मोजे, गुडघ्यापर्यंतचे! "सिस्टीम," म्हणाला. राखणदार पोट धरून हसला. पास्कू मला दुसरा जोड देत होता. मी पाय भाजून घेतले, पण मोजे घेतले नाहीत.

रोज संध्याकाळी सहाला, म्हणजे तिकडं सकाळी, त्याचा जावयाला फोन. "शोव्हल झालं का? नीट?"

आठव्या दिवशी त्यानं फोन हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं. "ड्राइव्हवे, ड्राइव्हवे! माझी बायको तिकडं बर्फाखाली आहे, पास्कू!"

तो फोन टेबलावर ठेवून आंघोळीला गेला.

तेवढ्यात फोन वाजला. जावयालाही दोन शिव्या घालाव्यात म्हणून मी उचलला.

"सॉरी पप्पा, लेट झाला. रोड बंद होता, गेटपासून चालत गेलो. मार्था आंटीचा स्टोन क्लीन केला. नेम पूर्ण दिसतंय."

मी विचारलं, "रोज जातोस?"

"जोसेफ अंकल? ओह नो. पप्पांनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. तुम्ही कुणाला हात लावू देत नाही ना."

पास्कू टॉवेल गुंडाळून बाहेर आला. माझ्या कानाला फोन बघून दारातच थबकला.

मी त्याच्यावर ओरडलोच. "त्याला सांग, डाव्या बाजूला फावडं घालू नको! तिथं मेणबत्तीची काच आहे!"

"तूच सांग ना," पास्कू म्हणाला. "फोन तुझ्याच हातात आहे."