सलूहाची उखळी तोफ

"तोफ कुठे लपवलीये?" बेलिफाने दारातूनच दरडावलं. मागे सहा पोलीस.

तुहामी तेव्हा स्वयंपाकघरात आईच्या पितळी उखळात लाल मिरच्या कुटत होता. "तोफ? माझ्याकडे? बघा बाबा, घर तुमचंच आहे."

पोलिसांनी गच्ची पाहिली, हौदात डोकावून पाहिलं, कोंबड्यांचं खुराडंही उपसलं. मिरचीने सगळे शिंकून बेजार. "ते उखळ जरा बाजूला घ्या हो," बेलिफ म्हणाला, "टेबलाखाली बघायचंय." मग त्याने अहवाल लिहिला, तोफ आढळली नाही, आणि मंडळी भाकरीला लाल चटणी लावून, चहा पिऊन गेली.

झालं होतं असं. आई समुद्रापलीकडे फ्रेंच मुलखात, मार्सेलला, धाकट्या बहिणीकडे सलूहाकडे वारली. दफनाहून परतताना तुहामीने तिचं उखळ गुपचूप पेटीत घातलं आणि आपल्या गावी स्फाक्सला आणलं. सलूहाही आईचीच लेक, तिने थेट मार्सेलच्या कोर्टातून निकाल मिळवला: उखळ परत द्या. पण तिथला निकाल इथे चालायचा तर आधी अरबी तर्जुमा हवा, मग इथल्या कोर्टाची मोहोर. आणि निकालातल्या फ्रेंच शब्दाचा अर्थ उखळही होतो, उखळी तोफही. तर्जुमा करणारा दिवसभर रेडिओवर युद्धाच्या बातम्या ऐकणारा. त्याने तोफ लिहिली, न्यायाधीशांनी न वाचताच मोहोर मारली.

"सहा महिने निश्चिंत!" तुहामीचे वकील शाजली खूश झाले. पुढे कधी मोहोर पुसट निघाली, कधी नावात एक अक्षर कमी. त्या उखळाने पांढरं झालं ते वकिलांचंच उखळ!

दर तारखेला सलूहा मार्सेलहून यायची. उतरायची कुठे? भावाचं घर असताना हॉटेलात गेली असती तर गल्लीने तुहामीच्या तोंडात शेण घातलं असतं. सकाळी दोघं कोर्टात भांडायची. संध्याकाळी ती त्याच उखळापाशी बसायची.

"दादा, हे काय कुटलंयस? आईने फेकून दिलं असतं."

"मग तूच कुट की! कोर्टात जिंकलीयेस ना?"

अखेर बिनचूक तर्जुमा आला. तुहामी वकिलांकडे धावला. "साहेब, अजून एक तारीख काढा."

"आता काय काढू? माझं डोकं?"

"उखळ गेलं तर जाऊ दे हो," तुहामी म्हणाला. "पण मग ती कशाला येईल इथे? आई गेल्यापासून दुसरं आहे कोण मला?"

सुनावणीला न्यायाधीशांनी कागद सलूहापुढे धरला. "बाई, या खेपेला तरी बरोबर आहे ना?"

सलूहाने चष्मा लावला. एकदा वाचलं, दोनदा वाचलं. खाली मान घालून बसलेल्या भावाकडे पाहिलं.

"नाही साहेब. यात नुसतं उखळ आहे. मुसळ कुठाय?"

न्यायाधीशांनी कपाळाला हात लावला. कागद परत मार्सेलला. तारीख सहा महिन्यांनंतरची.

पायऱ्या उतरताना तुहामी हळूच म्हणाला, "सलूहा, मुसळ तर तू पहिल्याच तारखेला तुझ्या पिशवीत घालून नेलं होतंस. मी गेली तीन वर्षं दगडाने कुटतोय."

"माहितीये," सलूहा म्हणाली. "पुढच्या तारखेला घेऊन येते. तू मिरच्या वाळवून ठेव."