आधी त्याचं होऊ द्या

नसीमआपांच्या घरात मिक्सर लावायचा असेल, तर आधी फ्रिजची परवानगी घ्यावी लागते. आपा फ्रिजच्या कुशीला तळहात टेकवतात, डोळे मिटतात आणि वैद्याने नाडी बघावी तसं बघतात. फ्रिज नुकताच घुरघुरायला लागला असेल, तर मिक्सरच्या बटनावर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला थांबावं लागतं. "आधी त्याचं होऊ द्या," आपा म्हणतात. फ्रिज लयीला लागला की मान हलते आणि मग चटणी वाटली जाते. मी हे पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा बाईंना बंगळूरचं पाणी बाधलं असंच मला वाटलं होतं.

परंड्यात किल्ल्याकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत आपांचं घर पहिलं. शेजारी बापूरावांचं, मग माझं, मग पुढे आणखी काही. आपा बंगळूरच्या एका कंपनीत मेमरी चिपांचं काम करतात. अम्मींची छाती कमजोर झाली, त्यांना घरात ऑक्सिजनचं मशीन लागू लागलं, तशा आपा लॅपटॉप काखेत मारून गावी आल्या आणि इथूनच काम करू लागल्या. लग्न केलेलं नाही. भाऊ दोघंही आखातात. घरात अम्मी, आपा आणि अंगणात कोंबड्या. मीटिंग ऐन रंगात आली की कोंबडा हटकून आरवतो. आपा माइक बंद करून त्यालाही बजावतात, "रुक रे, आधी साहेबांचं होऊ दे."

माझं एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान. मोबाईलची मेमरी कार्डंही ठेवतो. मी विकतो त्या कार्डाच्या पोटात आपा नेमकं काय करतात, हे मी एकदा विचारलं. आपा तेव्हा भाकरी करत होत्या. त्यांनी भाकरीची चवड माझ्यापुढे सरकवली.

"बघा शेठ, कार्डात चिपा अशा एकावर एक. लिहायला लागल्या की मधेच प्रत्येकीला एक मोठा घोट लागतो विजेचा. एरवी थोडक्यात भागतं, पण तो घोट मोठा. सगळ्यांनी एकदम घोट घेतला, तर वीज खाली बसते. मग लिहिलेलं बिघडतं, मोबाईल मरतो."

"मग वीज जास्ती सोडायची की," मी म्हणालो. आपण काय, बोलायला मोकळे.

"वीज पुरते हो. एकदम पुरत न्हाय." आपांनी तव्यावरची भाकरी उलटली. "म्हणून म्या नंबर लावते. एकीनं घोट घ्यायचा, बाकीच्यांनी तेवढं थांबायचं. तिचं झालं की दुसरी. आणि जिला घोट नकोय, तिनं नंबर लगेच पुढं द्यायचा. रिकामा नंबर अडवून बसणं म्हणजे गुन्हा."

एवढ्याशा चिपांना रांगेत उभं करण्यासाठी कंपनी आपांना पगार देते, हे ऐकून बापूराव पोट धरून हसले. बापूराव एसटीचे रिटायर कंडक्टर. कुर्डुवाडीच्या गाडीत उभा जन्म लोकांना "रांगेनं चढा" म्हणून ओरडले. स्वतः मात्र कुठे रांगेत उभे राहतील तर शपथ.

उन्हाळा लागला आणि आपांच्या विद्येची गल्लीला गरज पडली. आमच्याकडे उन्हाळ्यात लाइट तासन् तास जाते. ती आली रे आली की नळाला लावलेल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू व्हायच्या आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत फाट्कन आवाज व्हायचा. फ्यूज उडाला की वायरमन येईपर्यंत सगळी गल्ली पुन्हा घामाघूम. बाकीच्यांचा पाण्यावाचून खोळंबा व्हायचा, पण अम्मींचा श्वासच त्या लाइटवर होता. आपांकडे इन्व्हर्टर होतं, पण लाइट दुपारभर गेली की तेही धापा टाकायचं. कोपऱ्यात एक सिलेंडर उभा असायचा, आणि तो संपला तर काय, हे आपांच्या तोंडावर दिसायचं.

एका संध्याकाळी आपांनी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. फुकट चहा मिळाला, त्यामुळे कुणी गैरहजर नव्हतं.

"लाइट आली की पहिला नंबर अम्मीचा," आपा म्हणाल्या. "त्यांचं मशीन लाइनवर घेते, बोटाला लावलेल्या चिमट्यावरचा ऑक्सिजनचा आकडा बघते, मग खिडकीतून हाक देते. मग बापूरावांची मोटर. ती लयीला लागली की त्यांनी हाक द्यायची, मग शेठ. असं शेवटच्या घरापर्यंत."

"आन् आमचं पानी तवर कुनी पळवलं मंजी?" बापूरावांनी विचारलं.

"जरा सबर करा, बापूराव. आधी त्याचं होऊ द्या."

दुसऱ्याच दिवशी बापूरावांनी लाइट येताच मोटर दाबली. त्यांचं बघून बाकीच्यांनीही दाबली. फाट्! त्या दिवशी वायरमन लवकर आला नाही आणि इन्व्हर्टरनं मान टाकली. बापूराव तणतणत आपांच्या घरात शिरले, बहुधा चिपांनाच जाब विचारायला. आत अम्मी उशाला टेकून बसल्या होत्या, नाकाला सिलेंडरची नळी, आणि आपा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. अम्मींनी एवढ्यातही बापूरावांना खुणेनं बसायला सांगितलं. बापूराव बसले नाहीत. बाहेर आले आणि थेट आपल्या घरात गेले.

त्यानंतर गल्लीत त्यांच्यासारखा नियमाचा माणूस सापडला नाही. खिडकीतून आपांची हाक यायची, "हो गया! चला पुढं!" मग बापूरावांची मोटर, मग डबल बेल दिल्यासारखी त्यांची आरोळी, "जाऊ द्याऽऽ!" मग आम्ही. डीपीचा फ्यूज उडायचा थांबला. वायरमन एकदा मुद्दाम चौकशीला आला, म्हणाला, "या गल्लीचं काय बिनसलंय का, फोनच न्हाय." मला आपांचा अभिमान वाटतो तो यासाठी. शिकलेली माणसं पुष्कळ पाहिली, पण आपली विद्या गल्लीला भाकरीसारखी वाटून देणारी हीच एक.

यंदा उन्हाळा तोंडावर आला असताना अम्मी गेल्या. सगळी गल्ली मातीला गेली. आखातातले भाऊ आले आणि परतलेही. आपांनी ते मशीन येरमाळ्याच्या एका आजोबांना देऊन टाकलं आणि पुन्हा लॅपटॉप उघडून बसल्या. कोंबडा मीटिंगमध्ये आरवला, तरी त्या काही बोलत नव्हत्या.

मग एक दिवस सकाळी गेलेली लाइट दुपारी आली. पंखे फिरले. सवयीनं सगळे आपापल्या मोटरीपाशी उभे राहिले. नळाला पाणी आलेलं होतं.

हाक येईना.

मशीन नव्हतं, आकडा बघायचा नव्हता. आपांच्याच नियमानं तो नंबर तिथल्या तिथं पुढे जायला हवा होता. माझी बायको अंगणातून हळूच म्हणाली, "बापूराव, त्यो नंबर रिकामाय आता. तुमी करा सुरू."

बापूरावांचा हात बटनावर होता. तो त्यांनी खाली घेतला.

"थांबा वैनी," ते म्हणाले. "आधी अम्मीचं होऊ द्या."

नळ वाहत होते. अम्मींना उशाशी नीट बसवून, बोटाचा आकडा बघायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गेला. मग खिडकीतून हाक आली.

"हो गया. चला पुढं."