सुकेळीच्या मांडवावर कॉम्प्युटर

वसईजवळच्या निर्मळ गावात कुणाला काही विकत घ्यायचं असलं की तो आधी प्लासिड तुस्कानोकडे यायचा आणि मग दुकानात जायचा. सायकल असो, पाण्याचा पंप असो, मिक्सर असो नाहीतर लग्नाचा सूट! प्लासिड ती वस्तू दोन्ही हातांत घ्यायचा, डोळे मिटायचा, हळूच वरखाली करायचा आणि निकाल द्यायचा. पद्धत त्याच्या वडिलांची होती. वाडीतला केळीचा लोंगर ते असाच जोखत. ज्यात वजन नाही त्यात काही नाही, हा तुस्कानो घराण्याचा सिद्धांत. आणि "मी निवडलेली वस्तू आजवर परत गेलेली नाही" हे प्लासिडचं स्वतःचं वाक्य. रविवारच्या मिसानंतर चर्चच्या आवारात ते एकदा तरी कानावर यायचंच.

वाक्य खोटंही नव्हतं. गायनमंडळासाठी त्याने निवडलेली पेटी इतकी जड होती, की चौघांनी मिळून ती एकदा माळ्यावर चढवली ती पुन्हा खाली आलीच नाही. परत कुठून जाणार?

शहाऐंशी सालची गोष्ट. प्लासिडचा मेहुणा ऑगस्टीन मस्कतला होता आणि दर शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा तो शेजारच्या हरेश्वरकडे. हरेश्वरचा फुलांचा धंदा, त्यासाठी त्याने फोन घेतलेला. पण त्या फोनवर फुलांपेक्षा गावाच्या भानगडीच जास्त चालायच्या. ऑगस्टीनने भाचीला, म्हणजे रिटाला, दहावीत फर्स्ट क्लास मिळाला तर कॉम्प्युटर आणीन असं कबूल केलं होतं. फर्स्ट क्लास मिळून वर्ष होत आलं होतं. रिटा आता वसईच्या कॉलेजात जात होती आणि मामाच्या वाटेकडे डोळे लावून बसली होती. मामा यायचा दोन वर्षांतून एकदा, त्यामुळे जे येईल ते एकच येणार होतं.

"भावोजी, दोन जाती आहेत," फोनवर ऑगस्टीनने विचारलं. "एक छोटा, काळा, त्याची बटणं रबराची. दुसरा मोठा, बदामी, टाइपरायटरसारख्या उंच बटणांचा. दोन्ही टीव्हीला जोडायचे, दोन्हींचे प्रोग्रॅम कॅसेटवर असतात. पण एकाची कॅसेट दुसऱ्यावर चालत नाही. कुठला आणू?"

"पुढच्या शुक्रवारी सांगतो," प्लासिड म्हणाला. "तोवर कशालाही हात लावू नकोस."

त्या आठवड्यात प्लासिडने कुणाला विचारलं नाही ते सांगणं सोपं. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी दोन्हींनी डोळे बिघडतात असं सांगितलं. बँकेतल्या पॉलला विचारलं, त्याने दोन्हींनी नोकऱ्या जातात असं सांगितलं. केळ्याच्या व्यापाऱ्याला विचारलं, त्याने घाऊक भाव विचारला. फोर्टातल्या आपल्या ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत प्लासिड एका दुकानातही गेला. तिथे काचेच्या कपाटात दोन्ही जातींचे कॉम्प्युटर शेजारी शेजारी ठेवले होते. त्याने ते बाहेर काढायला लावले, डोळे मिटून जोखले, मग एकेक कानाशी धरून नारळासारखे हलवले. दुकानदाराचा चेहरा, त्याचं तान्हं मूल कुणी उलटं धरल्यासारखा झाला होता. रबरवाला हातात आहे की नाही हेसुद्धा कळत नव्हतं. बदामी चांगला चौपट भरला. प्लासिडने डोळे उघडले. निकाल लागला होता.

विचारायची राहिली ती फक्त रिटा. शेवटी तीच बोलली.

"पप्पा, कॅथरिनकडे रबरवाला आहे," ती म्हणाली. कॅथरिन म्हणजे तिची पापडीची मैत्रीण. "तिच्या सगळ्या कॅसेट मला मिळतील. मोठा आणला तर मी एकटीच पडेन."

"दुसऱ्याकडे आहे म्हणून वस्तू घ्यायची नसते, बाय. ते खेळणं आहे. फुंकर मारली तर उडेल."

रिटा उठून आत गेली. आपला मुद्दा तिला पटला, असं प्लासिड धरून चालला.

ईस्टरच्या आधी ऑगस्टीन बदामी कॉम्प्युटर घेऊन आला. प्लासिडने खोकं जमलेल्या प्रत्येकाच्या हातात दिलं आणि प्रत्येकाकडून 'बापरे' वदवून घेतलं. रिटानेही तोंड वाकडं केलं नाही. हाताशी एकही कॅसेट नव्हती, तरी सोबतच्या पुस्तकातून शिकून चार दिवसांत तिने पडद्यावर रंगीत अक्षरं नाचवली. तिचा चेहरा बघून प्लासिडला इतका आनंद झाला, की त्याने ठरवलं, आता फक्त एकच गोष्ट राहिली. आशीर्वाद!

ईस्टरनंतर फादर एडवर्ड घरोघरी आशीर्वादाला फिरायचे. नवं घर, नवी विहीर, नवी गाडी, जे काही नवं असेल त्यावर पवित्र पाणी शिंपडायचे. प्लासिडच्या स्कूटरवर त्यांनी मागल्याच वर्षी शिंपडलं होतं. तेही इंजिन चालू असताना, कारण बंद गाडीला दिलेला आशीर्वाद टाकीच्या पुढे जात नाही असं प्लासिडचं मत होतं.

तेव्हा फादर यायच्या रविवारी संध्याकाळी कॉम्प्युटरही चालू करून ठेवला होता. टेबलावर प्लासिडच्या बायकोने, इझाबेलने, विणलेला पांढरा रुमाल, दोन्ही बाजूंना मेणबत्त्या, मधे यंत्र. टीव्हीच्या पडद्यावर 'फादर एडवर्ड' ही इंग्रजी अक्षरं लाल-हिरवी होत फिरत होती. ती रिटाची करामत. हरेश्वर घरच्यांसकट आला होता, ऑगस्टीन नवा शर्ट घालून उभा होता. पाण्याची वाटी धरायचा मान प्लासिडने अर्थातच स्वतःकडे घेतला होता.

फादर सावध माणूस. त्यांनी प्रार्थना म्हटली आणि चार पावलं लांबूनच थोडे थेंब उडवले. ते रुमालावर पडले.

"फादर, माझ्या स्कूटरला याच्या दुप्पट पाणी मिळालं होतं," प्लासिड म्हणाला.

"स्कूटर पावसातही चालते, प्लासिड."

पण प्लासिडला आपल्या यंत्राची उपेक्षा सहन होईना. फादरांना सोपं जावं म्हणून त्याने वाटी नेऊन थेट बटणांच्या वर धरली आणि दुसऱ्या हाताने फादरांचा कोपर धरून त्यांनाही पुढे घेतलं. फादरांना वाटलं, आपला तोल जातोय. त्यांनी आधारासाठी जे समोर होतं ते धरलं. समोर वाटी होती.

अर्धी वाटी त्या उंच, देखण्या, वजनदार बटणांच्या फटींतून आत गेली! फट् असा आवाज झाला, पडद्यावरचे फादर एडवर्ड विझले आणि पाठोपाठ घरातले दिवेही गेले. रिटाने धावत जाऊन प्लग उपटला. मेणबत्त्या होत्या म्हणून एकमेकांचे चेहरे दिसत होते. ते नसते दिसले तर बरं झालं असतं.

"पाचूबंदरला कोळ्यांच्या बोटींवरही आशीर्वादाचं पाणी मारतात," इझाबेल शांतपणे म्हणाली. "पण नाळेवर, पुढच्या टोकाला. इंजिनात कुणी ओतत नाही."

रिटा ओढणीच्या टोकाने एकेक बटण टिपत राहिली. ती रडली असती तर प्लासिडने समजूत घातली असती, चिडली असती तर तोही चिडला असता. पण ती नुसती टिपत होती. गावातल्या निम्म्या वस्तू त्याने निवडल्या होत्या. स्वतःच्या मुलीची एकुलती एक वस्तू त्याने आधी तिचं न ऐकता निवडली आणि मग तिच्या डोळ्यांदेखत बुडवली होती.

सकाळी तो उठला तेव्हा इझाबेल अंगणात सुकेळी लावत होती. सोललेली राजेळी केळी बांबूंच्या बुटक्या मांडवावर पसरायची, दिवसभर कडक ऊन द्यायचं, दुपारी उलटायची आणि सूर्य कलला की उचलून गुंडाळून आत ठेवायची. आठवड्याभरात केळ्यातलं पाणी जातं, गोडवा उरतो. प्लासिडने केळ्यांकडे बघितलं. मग घरात बघितलं. आणि कॉम्प्युटर उचलून आणून मांडवावर दोन रांगांच्या मधे ठेवला.

त्याने ऑफिसला रजा टाकली, हातात काठी घेतली आणि कावळे हाकत बसला. इझाबेल म्हणाली, इतक्या वर्षांत केळ्यांसाठी कधी बसला नाहीत. प्लासिडने ऐकलं नाही असं दाखवलं.

निर्मळचा रस्ता म्हणजे येणाराजाणारा सायकलवरून उतरून विचारणारच. पहिल्याला प्लासिडने सगळं खरं सांगितलं, दुसऱ्याला थोडक्यात, तिसऱ्याला फक्त "वाळवतोय" म्हणाला. तेवढं पुरे झालं! दुपारपर्यंत पापडीला बातमी पोचली, की तुस्कानो कॉम्प्युटर वाळवून विकतो. चार वाजता भुईगावचे एक गृहस्थ स्कूटर घेऊन आले. मस्कतचा माल वाळवला की जास्त टिकतो का, आणि आपला टेप-रेकॉर्डर आणला तर तोही वाळवून मिळेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. संध्याकाळी फादर एडवर्ड लांबून गेले. त्यांनी हात उचलला होता, पण आशीर्वादासाठी की निरोपासाठी ते प्लासिडला कळलं नाही, आणि विचारायचा धीरही झाला नाही.

प्लासिडने काळजी घेण्यात कसूर केली नाही. दुपारी केळी उलटताना तो कॉम्प्युटरही उलटायचा, संध्याकाळी केळ्यांबरोबर तोही फडक्यात गुंडाळून आत न्यायचा. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. ज्या हातांनी केळी उलटत होता त्याच हातांनी तो कॉम्प्युटर उलटत होता. आणि सुकेळी जसजशी वाळते तसतसा तिचा चिकटा गुळासारखा होतो.

शेवटी सुकेळी झाली. ऑगस्टीनने यंत्राच्या खालच्या डबीतला उडालेला फ्यूज बदलला, रिटाने बटण दाबलं, आणि पडदा उजळला! प्लासिडने टाळी वाजवायला हात वर केले. तेवढ्यात पडद्यावर एक अक्षर उमटलं. मग तेच अक्षर पुन्हा. मग ओळभर, मग पडदाभर, वरून खालपर्यंत तेच एक अक्षर, थांबायचं नाव नाही.

"चालला," प्लासिड क्षीण आवाजात म्हणाला.

"पप्पा, बटण चिकटलंय," रिटा म्हणाली. तिने यंत्र बंद केलं, एक बटण चाचपलं, बोट नाकाशी नेलं. "केळं."

प्लासिड खुर्चीत बसला. मग जे त्याच्या तोंडून कधी निघालं नव्हतं ते निघालं.

"ऑगस्टीन, हा परत घेऊन जा. मी चुकीचा निवडला. तिला रबरवाला पाठव. तिने सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

इझाबेलने हातातलं काम खाली ठेवलं. हरेश्वर तर दारातच थबकला. प्लासिडची वस्तू परत जाणार! पण रिटाने तोवर स्क्रू ड्रायव्हर आणला होता.

"थांबा, पप्पा. बॅटरी धरा."

तिने खालचे स्क्रू काढले, झाकण उचललं आणि औषधाच्या कपाटातल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून एकेक बटण पुसायला घेतलं. आत दोन मुंग्या निघाल्या आणि एक केळ्याचा दोरा. प्लासिड बॅटरी धरून उभा होता. थोड्या वेळाने त्याने विचारलं, ते काळं काय आहे. रिटाने सांगितलं. मग दुसरं विचारलं. तिने पुस्तकात वाचलेलं सगळं सांगितलं, तिला कळत नव्हतं तिथे कळत नाही म्हणूनही सांगितलं. प्लासिडला फारसं उमगलं नाही, पण मुलगी बोलत होती आणि आपण ऐकत होतो, हे त्याला इतकं बरं वाटलं की हात भरून आला तरी त्याने बॅटरी हलू दिली नाही.

झाकण बसवून तिने पुन्हा बटण दाबलं. पडदा उजळला आणि या वेळी रिकामाच राहिला. रिटाने एक अक्षर दाबलं, एकच उमटलं.

"मग, द्यायचा का परत?" ऑगस्टीनने विचारलं.

"नको, मामा. हा आता मी आतून बघितलाय. रबरवाला कसा असतो ते फक्त वरून ठाऊक आहे."

कॅथरिनच्या कॅसेट तिला चालणार नव्हत्याच. म्हणून रिटा स्वतःचे प्रोग्रॅम स्वतः लिहायला लागली. आठ महिन्यांत कॅसेटचा एक खोका भरला. आता पापडीहून कॅथरिनच सायकल मारत निर्मळला यायला लागली. आल्यावर बटणांचा वास घ्यायची, केळ्याचा अजून थोडा येतो म्हणायची, आणि मग दोघी संध्याकाळपर्यंत उठायच्या नाहीत.

डिसेंबरात हरेश्वर आला. त्याचाही भाऊ दुबईहून येणार होता आणि हरेश्वरच्या मुलीने हट्ट धरला होता. कुठला आणायला सांगू, त्याने विचारलं. प्लासिडने सवयीने डोळे मिटले, हात पुढे केले. मग डोळे उघडले आणि आत हाक मारली, "रिटा, जरा बाहेर ये गं. काकांना विचारायचंय."

मनातून त्याचं उत्तर तयार होतं. रबरवाला! आठ महिने त्याने त्यावर विचार केला होता. सलग रबर, फट नाही, पाणी पडलं तरी ओघळून जाणार. त्याच्या मते तर कंपनीने तो खास आशीर्वादासाठीच बनवला होता.

"मोठा घ्या, काका," रिटा म्हणाली. "बदामी. मग माझ्या सगळ्या कॅसेट तिला मिळतील. एकटी पडणार नाही ती."

प्लासिड क्षणभर गोंधळला. मग त्याच्या लक्षात आलं, की मोठा म्हणजे शेवटी आपलाच. छाती आपोआप फुगली. मी निवडलेली वस्तू आजवर, असं तो म्हणणार एवढ्यात इझाबेलने स्वयंपाकघरातून नुसतं खाकरलं.

छाती होती तिथे आली. हरेश्वर समाधानाने निघाला. तो फाटकापाशी पोचला तेव्हा प्लासिड घाईघाईने त्याच्या मागे गेला, इकडे तिकडे बघितलं आणि हलक्या आवाजात म्हणाला,

"एक ऐक माझं. पूजा खोक्यातच उरकून घे. आणि नारळ फोड अंगणात."