मास्तरांचा चांगला शब्द

थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षीची गोष्ट. शिंपीमास्तरांच्या तोंडून चांगला शब्द निघाला आणि घरात रडारड झाली.

मास्तरांच्या दुकानात कौतुकाची रीत वेगळी होती. मुलाने शिवलेला कपडा ते उलटा करत, आतली टीप नखाने ओढून पाहत आणि "ने हा, गाढवा" म्हणून अंगावर फेकत. म्हणजे कपडा पास. "बैला" म्हणाले तर उसवायचं. काहीच बोलले नाहीत, तर कापड वाया गेलं समजायचं. आईसुद्धा "चहा आहे की पाणी?" असं ऐकलं की निश्चिंत व्हायची.

मुलाला मात्र याचा कंटाळा आला होता. हात तयार झाला, डोक्यावरचे केस विरळ झाले, पण गाढवपण काही सुटेना. चौकातल्या मोठ्या दुकानाने त्याला बोलावलं होतं. "संध्याकाळी कळवतो," असं तो सांगून आला होता. हातातला कोट पुरा करायचा; बाप एक बरा शब्द बोलला तर राहायचं, नाहीतर चाललो.

मास्तरांनी कोट उलटा केला. टीप ओढली. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "फार सुंदर झालाय. मन लावून शिवलास, बाळा."

'बाळा' ही हाक मुलाच्या वाट्याला पाळण्यातसुद्धा आली नव्हती. तो ओरडला, "आई, लवकर ये! बाबांना काहीतरी होतंय!"

आई धावत आली. कपाळाला हात लावला. "अहो, काय होतंय तुम्हाला?"

"मला काही नाही. तूच दमलीस. बस जरा."

हे ऐकून आई मटकन खालीच बसली.

समोरचे डॉक्टर आले. नाडी ठीक, छाती ठीक. "तुमचे फार उपकार आहेत, डॉक्टरसाहेब," मास्तर म्हणाले. एरवी ते त्यांना गोळ्यांचा फेरीवाला म्हणत. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेतलं. "माझ्या पुस्तकात असलं काही नाही. नातेवाइकांना कळवून ठेव."

आधी मामा आला. मास्तरांनी त्याच्या पँटला चारचौघांत 'गोणी' म्हटलं होतं, तेव्हापासून त्याने या घराची पायरी चढली नव्हती. "दाजी, माझंच चुकलं! गोणीच होती ती!"

"नाही रे, तुला शोभत होती," मास्तर म्हणाले. मामाने हंबरडा फोडला.

तो ऐकून दाराशी गिऱ्हाइकं जमली. एकाने हळूच आपलं न कापलेलं कापड परत मागितलं. "पुढचं काही सांगता येत नाही हो," तो म्हणाला.

तेवढ्यात सासरहून थोरली धापा टाकत आली. सगळं ऐकून तिने कपाळावर हात मारला. "अगं आई, बाबांना काही झालेलं नाही! सासरी जाताना मीच वचन घेतलं होतं, एक दिवस तरी सगळ्यांशी गोड बोला म्हणून!"

मास्तर ताडकन उठले. "ऐकलंत? सकाळपासून जिभेला गाठ मारून बसलोय मी! आणि तुम्ही बैलांनो, मला जिवंतपणी पोचवायला निघालात? ए गोणी, ऊठ माझ्या खुर्चीतून! आणि डॉक्टर, ते गळ्यातलं नळकांडं घेऊन चालते व्हा!"

"आले गं बाई ठिकाणावर!" आईने पदराने डोळे पुसले.

"धोका टळला," डॉक्टरही म्हणाले.

मुलगा तेवढा कोट घेऊन उभा होता. "म्हणजे बाबा, हा सुंदर... नुसता वचनापायी?"

मास्तरांनी चष्म्यावरून पाहिलं. "वाईट असता तर वचन मोडलं असतं, गाढवा."

संध्याकाळी मुलगा चौकातल्या दुकानात गेला तो नाही म्हणायला.

पुढे मास्तर कुणाशी गोड बोलले नाहीत आणि घर सुखात राहिलं. अलीकडे त्यांनी खाट धरली होती. एका दुपारी त्यांचा श्वास जड झाला तसा मामा डॉक्टरांकडे निघाला. मास्तरांनी हातानेच त्याला थांबवलं आणि मुलाने शिवलेला नातीचा झगा मागितला. उलटा केला. नखाने टीप ओढली, बराच वेळ. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टीप वाकडी आहे, बैला."

घराला हायसं वाटलं. मामाने चपला काढल्या. आई चहा टाकायला गेली. मुलगा उजेडात उसवायला बसला. टीप पट्टीने आखल्यासारखी सरळ होती.

तो झगा घेऊन आत धावला.

थोरलीच्या मुलीला शाळेत घातलं त्या वर्षी, चहाला उकळी यायच्या आत, मास्तर गेले.