वायफायसाठी रीतसर अर्ज

आमच्या घरमालकांकडून वायफायचा पासवर्ड हवा असेल तर अर्ज लिहावा लागतो. मी चेष्टा करत नाही. कोऱ्या कागदावर, डावीकडे समास सोडून, "विषय : वायफाय मिळणेबाबत" असं लिहून, खाली सही करून. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज मी गावातल्या कॉम्प्युटरवाल्याकडून भरून घेतला होता. त्यामुळे स्वतःच्या हाताने लिहिलेला नागपुरातला माझा पहिला अर्ज हा वायफायचाच.

ठोंबरे काका प्रताप नगरात राहतात. खाली ते, वरच्या खोलीत आम्ही दोघी भाडेकरू. एक मी आणि दुसरी सुनीताताई, ती धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स आहे. काका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची आवक-जावक थांबलेली नाही. माझा अर्ज त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"कारण नाही लिहिलं."

"काका, अभ्यासासाठी पाहिजे."

"मंग लिही ना वं तसं. मले तोंडी सांगून काय फायदा."

मी लिहिलं. त्यांनी त्यावर आवक क्रमांक टाकला, लाल शाईने 'मंजूर' लिहिलं आणि माझा फोन घेऊन, माझ्याकडे पाठ करून, एकेक अक्षर शोधत पासवर्ड स्वतः टाकला. वायफायचं नाव होतं 'कार्यालय'.

पासवर्ड त्यांनी आजवर कोणालाच सांगितलेला नाही. सुनीताताई म्हणते, आधी तर तो दर महिन्याच्या एक तारखेला बदलायचा आणि भाडेकरूंना नव्याने अर्ज करावा लागायचा. मी सप्टेंबरमध्ये राहायला आले. तेव्हापासून तो एकदाही बदलला नव्हता. "थकले आता काका," असं ताईचं मत.

'रीतसर' हा त्यांचा शब्द. दूधवाल्याने रस्त्यावरून हाक मारली तर "रीतसर ये." खिडकीतून बोका आत शिरला तर त्यालाही "रीतसर येत जा गा."

काकू मागच्या ऑगस्टपासून पुण्याला मुलाकडे होत्या. आधी गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मग नातीचा, चिनूचा, लळा लागला, मुक्काम वाढत गेला. मुलगा म्हणायचा, बाबा, घर बंद करा आणि तुम्हीही इकडेच या. काका म्हणायचे, पाहू. मे महिन्यात काकू पंधरा दिवसांसाठी येणार असं ठरलं. काका फोनवर स्पीकर लावूनच बोलतात, त्यामुळे काकूंची अटही आम्हाला वरपर्यंत ऐकू आली.

"हे पहा, गुरुवारी मी येऊन राहिली. पण तिथं नेट लागलं नाही अन् चिनूचं तोंड दिसलं नाही, तं मी दुसऱ्याच दिवशीच्या गाडीनं वापस."

"लागते नेट," काका म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात राउटर बंद पडला. उन्हाळा वाढल्यावर "त्याले बी गरमी होत असन" म्हणून काकांनी तो कूलरसमोर स्टुलावर ठेवला होता. कूलरच्या हवेबरोबर पाण्याचे थेंबही येतात हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यावर एक रुमाल टाकला होता. रुमाल दोन दिवसांत ओला झाला. तिसऱ्या दिवशी राउटरचे दिवे गेले.

मंगळवारी नवा राउटर आला. बसवणाऱ्या माणसाने तो पुढच्या खोलीत टीव्हीच्या टेबलावर ठेवला, नाव आणि पासवर्ड खालच्या स्टिकरवर आहे म्हणाला आणि गेला. आमचा एकही फोन वायफायला लागेना. फोन 'कार्यालय' शोधत होते आणि त्या नावाचं वायफायच आता नव्हतं. काका जिना चढून वर आले.

"तू कॉलेजात हायेस ना वं?"

"काका, मी इतिहास घेतलाय."

"पण कॉलेजातच ना."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. सावनेरजवळच्या आमच्या गावात बंद पडलेल्या मोटारपंपापासून सरकारी पत्रापर्यंत सगळं मलाच दाखवतात. मला येत नाही असं म्हणायची अजून हिंमत होत नाही. मी खाली गेले.

स्टिकर वाचून मी म्हटलं, सोपं आहे. हाच नवा पासवर्ड सगळ्या फोनमध्ये टाकू, काकूंच्या फोनमध्ये त्या आल्यावर टाकू.

"नाही," काका म्हणाले. "जुनंच नाव पायजे, जुनाच पासवर्ड पायजे. जमते का तेवढं सांग."

मी वर्गातल्या मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, जमतं. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड दिला की फोनला फरक कळत नाही, ते आपोआप जोडले जातात. त्यासाठी आधी स्टिकरवरच्या पासवर्डने जोडायचं आणि मग ब्राउझरमध्ये स्टिकरवरचे आकडे टाकून राउटरचं पान उघडायचं. मी जोडलं, आकडे टाकले. पान काही उघडेना. मी पुन्हा टाकले. काका शेजारी खुर्ची घेऊन बसले होते.

"साहेब जागेवर नसतील," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "जेवणाची सुट्टी झाली असन."

तासाभराने मैत्रिणीचाच फोन आला. "मोबाइल डेटा बंद केलास का?" केला नव्हता. बंद केल्यावर पान उघडलं आणि त्याने आधी आमचं नाव आणि पासवर्ड मागितला. तोही स्टिकरवर वेगळा छापलेला होता.

"पाय," काका समाधानाने म्हणाले, "हा बी रीतसर माणूस हाय."

आता जुना पासवर्ड लागणार होता. काकांनी कपाटातून पाकिटांचा एक गठ्ठा काढला. दर महिन्याचं एक पाकीट, गोंदाने बंद केलेलं, वर 'गोपनीय', जोडावर सही. सगळ्यात वरचं ऑगस्टचं होतं. त्यानंतरचं एकही नव्हतं.

"काका, पुढची पाकिटं?"

"नाहीत."

"मग नंतर बदललाच नाही?"

काका चष्मा पुसायला लागले. "ऑगस्टचा मीच टाकून देल्ला होता तिच्या फोनात. मंग ती गेली. इकडं मी बदलला असता, तं तिच्या फोनले कसं समजन?"

नोकरीत एक कागद कधी उशिरा पुढे पाठवला नाही, असं काका नेहमी सांगतात. त्यांनी किती महिन्यांच्या एक तारखा अशाच जाऊ दिल्या होत्या, ते मी मनात मोजलं. तरी मी चाचरत विचारलंच.

"पण काका, त्या आल्यावर नवा टाकायला कितीसा वेळ लागतो?"

"वेळ नाही लागत. पण फोन विचारते ना पासवर्ड. सोताच्या घरी येऊन तिले विचारावं काहून लागन? पाहुणी हाय का ती?"

त्यांनी पाकीट फोडलं आणि खोलीत आम्ही दोघंच असूनही माझ्या कानाशी येऊन एकेक अक्षर सांगितलं. ते मी इथे लिहिणार नाही. दोन मिनिटांत राउटर बंद होऊन पुन्हा चालू झाला आणि माझा फोन आपोआप जोडला गेला.

"आता बाहेर जा," काका म्हणाले. "डेटा बंदच ठेव. ऑटोतून उतरल्यावानी गेटातून आत ये."

मी रस्त्यावर जाऊन आत आले. गेटात नाही लागला, अंगणात नाही लागला, पायरीवर लागला.

"पायरीवर नाही. गेटात लागला पायजे."

मग राउटर खिडकीत नेऊन पाहिला, तर वायर पुरेना. शेवटी काकांनी आणि मी टीव्हीचं टेबलच खिडकीपर्यंत ओढलं. टीव्हीचं तोंड आता भिंतीकडे झालं, पण काकांनी तिकडे पाहिलंही नाही. मी आणखी चार वेळा रस्त्यावर गेले आणि आत आले. समोरच्या घरातल्या बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पाचव्या वेळी गेटाची कडी हातात असतानाच फोन लागला.

"बस," काका म्हणाले. "तिथंच राहू दे."

गुरुवारी सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. ऑटो थांबला. काकू गेटाला धरून सावकाश उतरल्या. काका पिशवी घ्यायला पुढे झाले, तेवढ्यात काकूंच्या पर्समधला फोन टिंग टिंग वाजायला लागला. त्यांनी तो काढून पाहिला.

"अहो, हे नेट कसं काय लागलं? मी तं काहीच नाही केलं."

"नाही लागन तं काय," काका म्हणाले. "घरचाच फोन हाय."

काकूंनी तिथूनच पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. चिनूचा आवाज वरपर्यंत आला. आजी, तू कुठे आहेस?

"पोचली वं मी," काकू म्हणाल्या आणि त्यांनी फोन अंगणाकडे, मग दाराकडे फिरवला. "हे पाय. हे आपलं घर."

फोन आपल्याकडे वळतोय हे पाहून काकांनी सदरा नीट केला आणि जड पिशवी हातात घेऊन ते फोटोला उभं राहावं तसे सरळ उभे राहिले. कॉल बराच वेळ चालला. तो संपेपर्यंत त्यांनी पिशवी खाली ठेवली नाही.