पदवी आधी, पी.टी. नंतर

शाळेच्या पदवीदानाला नऊ दिवस उरले असताना व्हर्न क्रॅटोकला शाळेतून बोलावणं आलं. त्याला वाटलं, सत्कारच करणार. मागच्याच शनिवारी त्याच्या लेकीने, टेगनने, शाळेबरोबरच वर्ग करून कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी घेतली होती, तीही शाळा संपायच्या आत! अमेरिकेत नेब्रास्कातल्या त्या आठशे वस्तीच्या गावात असं कधी घडलं नव्हतं, आणि हे न ऐकलेला एकही माणूस व्हर्नने गावात शिल्लक ठेवला नव्हता.

तो शर्ट बदलून गेला. समुपदेशक हॉलबबाईंनी त्याला बसवून पाणी दिलं.

"व्हर्न, टेगनला शाळेचा डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, देता येत नाही."

"काय बोलता? पोरगी कॉलेज पास झाली की!"

"कॉलेज झालं हो. पी.टी. राहिलं."

दरवर्षी पी.टी.च्या तासाला टेगन कॉलेजच्या वर्गात बसायची. 'पी.टी. नंतर करू' अशा चार फॉर्मवर चार सह्या होत्या. चारही व्हर्नच्या.

"अहो, मग सांगायचं नाही का कुणी?"

"तीन पत्रं पाठवली."

व्हर्नला ती पत्रं आठवली. अभिनंदनाची समजून त्याने ती न वाचताच फ्रिजवर लावली होती.

"तिने कॉलेजात आरोग्यशास्त्र घेतलंय. पहिली आली त्यात!"

"ते बसून शिकवतात, व्हर्न."

"मग आत्ता पळवा तिला. मैदानाला हव्या तेवढ्या फेऱ्या!"

"साठ तास लागतात."

घरी टेगन रडेल म्हणून त्याने आधी रुमाल शोधला. ती रडली नाही. "राहू दे बाबा. नाहीतरी शाळेच्या वर्गात मला ओळखतं कोण?" एवढंच म्हणाली आणि ताट घेऊन खोलीत गेली. व्हर्नने रुमाल परत खिशात घातला. शाळेतला नाचाचा कार्यक्रम कॉलेजच्या परीक्षेमुळे हुकला तेव्हा 'नाच काय, पुढेही होतील' असं त्यानेच तिला सांगितलं होतं.

पदवीदानाला दोघं प्रेक्षकांत बसले. सगळं गाव व्हर्नचा हात हातात घेऊन अभिनंदन करत होतं आणि हातागणिक तो बाकावर खाली घसरत होता. समोर पोरांनी टोप्या हवेत उडवल्या. टेगनने मनापासून टाळ्या वाजवल्या. मग हळूच विचारलं, "बाबा, ती उंच मुलगी कोण?"

व्हर्नला नाव माहीत होतं. तिचा बाप धान्य घेऊन त्याच्या कोठारावर यायचा. लेकीच्या वर्गातली पोरं लेकीपेक्षा त्यालाच जास्त ठाऊक होती.

उन्हाळ्यात टेगन ते साठ तास भरायला नववीच्या पोरांबरोबर पी.टी.ला जाऊ लागली. चौदा-चौदा वर्षांची ती पोरं तिला 'आजी' म्हणायची आणि नेम धरून चेंडू मारायची. पहिल्या आठवड्यात टेगन गप्पगप्प घरी आली. दुसऱ्या आठवड्यात गुडघा फोडून आली, पण हसत. तिसऱ्यात सात पोरं घेऊन आली आणि त्यांनी घरातलं सगळं आइस्क्रीम फस्त केलं. व्हर्न दाराआडून त्यांचा गोंगाट ऐकत राहिला. चार वर्षांत हा आवाज त्या घरात कधी झालाच नव्हता. ऑगस्टमध्ये तर ती लिंकन शहरातल्या विद्यापीठात जाणार होती, एकदम तिसऱ्या वर्षाला, विशीतल्या पोरांत.

पी.टी.च्या शेवटच्या दिवशी टेगन पडल्या चेहऱ्याने घरी आली.

"काय गं, काय झालं?"

"कोचने पास केलं मला." तिचे डोळे भरून आले. "शेवटच्या चाचणीत मी मुद्दाम धावलेच नाही, चालत गेले. तरी पास केलं!"

व्हर्नने तिला जवळ घेतलं.

"माणूसच नालायक तो," तो म्हणाला.